खेळणा नदीवरचा डाव

"अरे, ते अजून मेलेले नाहीत. परत ठेव."

काका हे इंग्रजीत म्हणाले, पण माझ्या डोक्यात ते तेव्हापासून मराठीतच वाजतंय. माझ्या हातात सोळा गोलंदाज होते, तोफा डागणाऱ्या सैनिकांचे बाहुले. प्रत्येकी नखाएवढे, शिशासारख्या धातूचे, चार-चार जणांचा गट एका छोट्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला. अठ्ठ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीनं माझ्या चार तोफांवर चाल केली होती, फाशांनी माझी साथ सोडली होती, आणि मी शहाण्या मुलासारखा आपली माणसं उचलून मेलेल्यांच्या डब्यात टाकायला निघालो होतो. डबा शॉर्टब्रेड बिस्किटांचा. झाकणावर झगा घातलेला, बॅगपाइप वाजवणारा स्कॉटिश शिपाई, म्हणजे ज्यांनी मारलं त्यांच्याच चित्राखाली माझे गोलंदाज जाऊन पडणार. काकांनी नियमांच्या कागदावर बोट ठेवलं. मराठे आणि इंग्रजांमधल्या असईच्या लढाईसाठी त्यांनी एक खास कलम घातलं होतं: मराठ्यांच्या तोफा पडल्या तरी गोलंदाज लगेच उचलायचे नाहीत, आडवे करून तिथेच ठेवायचे. शत्रू पुढे गेला की तोफेमागे एक फासा टाकायचा. चार, पाच किंवा सहा पडले की ते उठतात.

मला ते कलम माहीत होतं. आदल्या रात्री दोनदा वाचलं होतं. ती गोष्टही माहीत होती. तरी हात आपोआप गेला. कुणी सांगितलं नव्हतं, घाई नव्हती, आणि माझ्या बाजूचे लोक मेले हे मीच सगळ्यांच्या आधी धरून चाललो होतो. हे मला गेले तीन आठवडे टोचतंय.

काका म्हणजे माझे कुणी नव्हेत. लीड्सच्या बाहेर आमच्या गल्लीत राहणारे निवृत्त पोस्टमन. त्यांना मी तोंडावर नावानंच हाक मारतो, इथे तशीच रीत आहे, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मनातल्या मनात नुसत्या नावानं बोलवणं मला अजून जमलेलं नाही. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. तिथे आठ फूट बाय सहा फुटांचं टेबल आहे आणि भिंतीला लागून खोक्यांची चळत: वॉटर्लू, बोरोडिनो, स्पेनमधल्या लढाया. नेपोलियनच्या काळातली सात-आठ हजार माणसं त्या गॅरेजात राहतात. आत शिरलं की रंगाचा, टर्पेंटाइनचा आणि ओल्या लाकडाचा वास येतो, हीटरची एकच नळी लाल झालेली असते आणि रेडिओवर हळू आवाजात क्रिकेट चालू असतं. मी पहिल्यांदा गेलो तो त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं पार्सल द्यायला. पोस्टमनचं पार्सल चुकीच्या घरी, यावर ते स्वतःच खूप हसले. पार्सलमध्ये घोडे होते.

मी कुठला, असं त्यांनी विचारलं तेव्हा नेहमीप्रमाणे 'मुंबईजवळचा' असं ठोकून द्यायचं मनात होतं. का कोण जाणे, जालना म्हणालो. आणि त्या माणसाच्या तोंडून पुढचा शब्द आला तो 'असाये', म्हणजे आपलं असई.

आईचं माहेर भोकरदन तालुक्यातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एसटीच्या खिडकीला कपाळ टेकवून आम्ही आजोळी जायचो. काळी भेगाळलेली जमीन, वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, नदी म्हणजे वाळूचा पट्टा आणि त्यात खड्डे करून पाणी भरणाऱ्या बाया. असईचा फाटा आला की आजोबा कधीतरी म्हणायचे, "इथं साहेबाची लढाई झाली होती." बस्स. कोण साहेब, कुणाशी, कोण हरलं, काहीच नाही. पानिपतावर रात्र-रात्र बोलणारा माणूस घरापासून काही कोसांवरच्या लढाईबद्दल एका वाक्यावर थांबायचा. मीही पुढे विचारलं नाही. तो 'साहेब' म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, हे मला कळलं ते अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी, एका प्रश्नमंजूषेत. उत्तर चुकलं होतं.

काकांनी मग वर्षभर ती फौज रंगवली. मधूनमधून मला विचारायचे. जमीन कुठल्या रंगाची? मी मामाला शेताचा फोटो पाठवायला सांगितला आणि काकांनी सगळ्या बेसवर काळपट तपकिरी रंग चढवला, वर भुशाचं गवत पेरलं. सप्टेंबरातली लढाई आहे, पाऊस नुकताच सरत आलेला, तेव्हा हिरवं हवंच, हे मी त्यांना पटवलं. तोफांच्या धुरासाठी ते कापसाचे पुंजके वापरतात. त्या काळ्या जमिनीवर पांढरा कापूस पसरला तेव्हा मला हसू आलं. त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. चुकलं काहीच नव्हतं, उलट टेबल पहिल्यांदाच आजोळासारखं दिसत होतं.

आणि नद्या. निळ्या रंगावर चकाकणारं वॉर्निश ओतून त्यांनी दोन पट्ट्या केल्या होत्या. दक्षिणेची मोठी, उत्तरेची छोटी, पूर्वेकडे एकत्र येणाऱ्या. इंग्रजी नकाशांत पहिली आहे 'कैतना' आणि दुसरी 'जुआ'. मी त्यांना सांगितलं, ही जुई, फुलाचं नाव आहे. आणि ही खेळणा. म्हणजे? म्हणजे जवळजवळ 'टॉय'. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग लेबल काढून त्यांनी माझ्याकडून नवं लिहून घेतलं, देवनागरीत.

लहानपणी आम्हीही हेच करायचो की. दिवाळीत अंगणात विटा-दगड रचून, वर पोत्याचं फडकं, त्यावर चिखल, चिखलात अळीव पेरून उगवलेली हिरवळ. शाडूचे मावळे. महाराज सगळ्यांत मोठे, त्यांच्या गुडघ्याएवढा हत्ती, भाजीवाली बुरुजापेक्षा उंच. काकांच्या टेबलावर तसला घोळ चालत नाही, तिथे पंधरा मिलिमीटर म्हणजे पंधरा मिलिमीटर. पण खरा फरक माझ्या ध्यानात आला तो डाव मांडताना. आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसायचा. पहारेकरी असायचे, तोफा असायच्या, शिंग फुंकणारा असायचा, पण समोरून कुणी येतच नसे. औरंगजेबाचं चित्र विकत आणून कोण पायथ्याशी ठेवणार? त्यामुळे आमचा किल्ला कधी पडला नाही. भाऊबीजेनंतर पावसाच्या सरीनं किंवा गल्लीतल्या कुत्र्यानं तो नेला, तेवढंच.

इथे मात्र कुणीतरी एकानं दुसरी बाजू घ्यायलाच लागते.

काकांनी मला शिंद्यांची बाजू दिली, 'ओघानंच' अशा स्वरात. मीही ओघानंच घेतली. मग खोक्यातून माणसं निघायला लागली आणि 'माझी बाजू' हा शब्द बोटांत अडखळायला लागला. एका बाहुल्यामागे तीस माणसं, या हिशेबानं माझ्या कवायती कंपूंचे तीनशे साठ. दौलतराव शिंद्यांचं हे पायदळ महादजींच्या पदरी असलेल्या द बॉयन या युरोपीय सेनानीच्या काळापासून युरोपीय धर्तीवर घडवलेलं, त्यात मोठा भरणा उत्तर हिंदुस्थानी शिपायांचा. सेनापती अँथनी पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. गंमत अशी की हॅनोव्हरचा सत्ताधीश आणि इंग्लंडचा राजा एकच, तिसरा जॉर्ज. म्हणजे पोलमन आपल्याच राजाच्या फौजेवर तोफा डागत होता, आणि त्याच वर्षी तिकडे त्याचं हॅनोव्हर नेपोलियनच्या सैन्यानं गिळलेलं होतं. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही आमच्याकडे. आणि समोर, काकांच्या दीडशे बाहुल्यांत, लाल कोटातले गोरे थोडेच. दोन स्कॉटिश पलटणी आणि एक घोडेस्वार रेजिमेंट सोडली तर बाकी सगळी मद्रासची पायदळं आणि देशी रिसाले. नदीच्या दक्षिणेला वेलस्लीच्या मदतीला आलेलं म्हैसूरचं आणि पेशव्यांकडचं घोडदळ उभं. म्हणजे त्या दिवशी मराठी बोलणारा स्वार कुठल्या काठावर सापडेल, हे सांगायला फासाच टाकावा लागेल. पेशव्यांना इंग्रजांच्या बाजूला नेणाऱ्या वसईच्या तहाला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं.

कोटांचंच बघा. काकांना चौऱ्याहत्तराव्या पलटणीच्या कोटाची कॉलर पांढरी, अठ्ठ्याहत्तराव्याची फिकट पिवळसर, एकोणिसाव्या ड्रॅगूनची पिवळी, हे तोंडपाठ. एक सार्जंट त्यांनी पुन्हा रंगवला, कारण कमरपट्टा चुकला होता. माझ्या कंपूंचे पुठ्ठे मात्र 'एक', 'दोन', 'तीन'. गोलंदाजांवर तर आकडाही नव्हता. मी काही बोललो नाही. या माणसानं माझ्या नदीचं नाव बदलून घेतलं होतं, यापेक्षा जास्त त्याच्याकडून काय मागणार?

डाव सुरू होण्याआधी मी एक आगाऊपणा केला. मी जलअभियंता आहे, पुराचं गणित मांडणं हे माझं पोटापाण्याचं काम. म्हटलं, मला माहीत आहे तुम्ही कुठून नदी ओलांडणार, मग मी तिथेच सगळ्या तोफा का लावू नयेत? काका म्हणाले, "पोलमननं लावल्या नव्हत्या." बरोबरच होतं. गोष्ट अशी की २३ सप्टेंबर १८०३ च्या दुपारी वेलस्ली आपली छोटी फौज घेऊन खेळणेच्या दक्षिण काठावर पोचला. दुसरी फौज घेऊन येणारा स्टीव्हन्सन अजून लांब होता. समोर मराठ्यांची छावणी मैलोन्‌मैल पसरलेली. वाटाड्यांनी सांगितलं, पुढे उतार, म्हणजे नदी चालत ओलांडायची जागा, नाही. वेलस्लीनं पाहिलं की पिंपळगाव आणि वारूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. मग यांच्यामध्ये उतार असणारच. होता. इंग्रजी पुस्तकांत या तर्काचं कौतुक पानंच्या पानं चालतं. मला ते वाचताना नेहमी आजी आठवते. समोरच्या काठावर लेक दिलेली, तिकडच्या विहिरीवर भाऊ, इकडे बाजार. दोन गावं आमनेसामने असून मध्ये पायवाट नाही, असं आमच्याकडचं शेंबडं पोरही म्हणणार नाही! त्यामुळे मला वेलस्लीपेक्षा त्या वाटाड्यांचं कुतूहल जास्त. त्यांना खरंच माहीत नव्हतं? का माहीत असून त्यांनी मान हलवली? त्यांच्या मान हलवण्यात काय होतं, ते कुठल्याही खलित्यात आलेलं नाही. टेबलावर तर वाटाड्यांचे बाहुलेच नव्हते.

तर काकांनी उतारावरून फौज आणली. मी पोलमननं केलं तेच केलं: अख्खी ओळ काटकोनात फिरवून दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात त्यांच्यासमोर उभी केली. ही हालचाल वेलस्लीला अनपेक्षित होती. एवढं कवायती पायदळ एवढ्या सफाईनं वळेल असं त्याला वाटलं नव्हतं. तीनशे साठ बाहुले वळवायला मला पाऊण तास लागला. पाठ दुखायला लागली. तोफांच्या पहिल्या फेरीतच काकांच्या तोफा आणि ते ओढणारे बैल गारद झाले. खऱ्या लढाईतही तसंच झालं होतं. माझ्या घोडदळाचं एक कलम मात्र जिव्हारी लागणारं होतं. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचे तीसेक हजार स्वार टेबलाच्या पश्चिमेला साठ बाहुल्यांच्या रूपात उभे, आणि दोन फाशांवर दोन्ही सहा पडल्याशिवाय ते जागचे हलणार नाहीत. "इतकं कडक?" मी विचारलं. काका म्हणाले, "त्या दिवशी बहुतेक वेळ ते बघतच राहिले होते. तूच सांग, काय ठेवू?" मी काही सांगू शकलो नाही. अकरा वेळा फासे टाकले. दोन सहा एकदाही पडले नाहीत. सोंगट्या खेळताना आजी म्हणायची, दान मागून पडत नाही.

असईच्या गावापाशी मी खरा डोळा लावून बसलो होतो. इतिहासात इंग्रजांच्या उजव्या अंगाची तुकडी भरकटून गावाच्या तोफांसमोर गेली, तिच्यामागून चौऱ्याहत्तरावी पलटण गेली आणि तिची दाणादाण उडाली. सुमारे पाचशेतले चारशे मेले किंवा जखमी झाले. त्यांना सोडवायला घोडदळ घेऊन गेलेला मॅक्सवेल पुढे त्याच लढाईत पडला. काकांनी यावरही फासा ठेवला होता: एक किंवा दोन पडले तर तुकडी भरकटते. स्वतःच्याच फौजेविरुद्धचा फासा ते स्वतः टाकत होते आणि मी मनात एक-दोन-एक-दोन म्हणत होतो. पाच पडला. तुकडी सरळ गेली. कुणाची तरी चारशे माणसं वाचली म्हणून मी चिडलो होतो. लाकडी चौकोनी तुकड्यानं वाचवलेली, दोनशे वीस वर्षांपूर्वी मेलेली माणसं, तरीही.

मग अठ्ठ्याहत्तरावी माझ्या तोफांवर आली.

गोलंदाज पळाले नव्हते, हे सगळेच लिहितात. संगिनी अंगाला भिडेपर्यंत ते तोफा भरत राहिले. पायदळाची रांग त्यांच्यावरून पुढे गेली, आणि मेल्यासारखे पडलेल्यांतले काही उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि पाठीमागून डागल्या. वेलस्लीला स्वतः अठ्ठ्याहत्तरावी आणि देशी रिसाल्याची एक पलटण घेऊन परत फिरावं लागलं. त्या दिवशी त्याचा एक घोडा गोळीनं गेला आणि लाडका घोडा डायोमेड भाला लागून जखमी झाला. तरुण एलफिन्स्टन, ज्याच्या नावाच्या कॉलेजात मुंबईची कित्येक पोरं शिकली, तोही त्या दिवशी वेलस्लीबरोबर घोड्यावर होता. म्हातारपणी वेलिंग्टनला म्हणे कुणी विचारलं, तुम्ही लढलेल्यांत सगळ्यांत उत्तम काय? तो वॉटर्लू म्हणाला नाही. असई म्हणाला. हे सगळं वाचलेलं असून माझा हात त्या सोळा जणांना उचलायला गेला होता.

मी ते परत ठेवले. आडवे. पुठ्ठ्यावर उभे चिकटवलेले बाहुले आडवे केले की विचित्र दिसतात, झोपेतही हातात तोफेचा गज धरलेले. अठ्ठ्याहत्तरावी पुढे सरकली. काकांनी मला फासे दिले आणि चहा ओतायला पाठ वळवली. ते मुद्दाम होतं की नाही, माहीत नाही. पाच. दोन. सहा. चार.

तीन तोफा उठल्या. मी त्यांना उलट फिरवलं, समोर कापसाचे पुंजके लावले. काका चहाचे कप घेऊन वळले, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाले, "घाणेरडे लेकाचे." त्या आवाजातलं कौतुक मराठी कानालाही कळलं.

त्या रात्री मामाला फोन केला. इथले दहा म्हणजे तिकडची पहाट, पण तो उठलेला असतो. सगळं सांगितलं. लढाई खेळलो, टेबलावर, बाहुल्यांची. त्याला वाटलं नातवंडांचा खेळ असेल. "मग कोण जिंकलं?" सांगितलं की अंधार पडला, काकांना दिवे चालत नाहीत, डाव अर्धवट राहिला. मग मला राहवलं नाही, विचारलं, "मामा, पिंपळगावापाशी नदीला उतार होता का रे?" "पूल आहे की आता." "आणि पूल नव्हता तेव्हा?" मामा बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "तेव्हा काय, चालत जायचो. तुला खांद्यावर घेऊन गेलो होतो एकदा. आठवत नाही?"

नाही आठवत.

पण त्याच्या आधी, गॅरेजमध्ये, आवराआवर राहिली होती. काकांची एक वही आहे, पोस्टात मिळायची तसली लांब, रेघांची. प्रत्येक डावानंतर दोन्ही बाजूंचे पडलेले मोजून ते त्यात लिहितात. तीस वर्षांच्या लढाया त्या वहीत आहेत. खऱ्या असईचा इंग्रजांचा आकडा त्यांनी समासात आधीच टिपून ठेवला होता: ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. त्याच्या शेजारी दुसऱ्या बाजूसाठी लिहिलं होतं, 'सहा हजारांच्या आसपास'. बेपत्ता अठरा. सतरा नाही, एकोणीस नाही. तोफा किती हाती लागल्या तेही नेमकं, ९८. त्या तोफांपाशी किती माणसं होती, ते नाही.

काकांनी आपले मोजले. एकसष्ट. वहीत लिहिलं, पेनचं टोपण न लावता माझ्याकडे बघितलं.

"तुझे?"

मी बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला आणि एकेक वेगळा करून मोजायला लागलो. चौऱ्याऐंशी आले. काका लिहिणार तोच मी त्यांना थांबवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले.